टेम्पीचा कलर रन: आजी, नातवंडं आणि आम्ही

अमेरिकेत ॲरिझोनामधल्या फिनिक्सजवळ टेम्पीला तळ्याकाठी कलर रन झाला त्याला आम्ही घरचे सगळे जाऊन आलो, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, चार वर्षांचा धाकटा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की लहान पोरं आणि आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का. आहे, नक्की आहे. फक्त घरातला सगळ्यात हळू चालणारा ज्या चालीने चालेल तीच सगळ्यांची चाल, हे घरूनच ठरवून निघा.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 5 किलोमीटर, म्हणजे इथल्या हिशोबात 3.1 मैल. वेळ कुणी मोजत नाही, पहिला दुसरा नंबर नाही. पांढरे कपडे घालून सुटायचं, साधारण दर किलोमीटरला एकेक कलर झोन येतो, तिथे दोन्ही बाजूंनी व्हॉलंटियर बाटल्या दाबून कोरडा रंग उडवतात आणि शेवटी मैदानात सगळे मिळून पुड्या फोडतात. हा प्रकार ट्रॅव्हिस स्नायडर नावाच्या माणसाने 2011 मध्ये काढला आणि पहिला रन जानेवारी 2012 मध्ये इथेच टेम्पीला झाला. कल्पना जिथून सुचली त्यात आपली होळीपण आहे. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं पण रंगपंचमीला पळतं कोण?" मी म्हटलं, "अहो आई, इथेही निम्मे लोक चालतातच." आणि खरंच तसंच होतं, स्ट्रोलर ढकलणारे, आजीआजोबा, खांद्यावर पोरगं घेतलेले बाबा, कुणालाच घाई नव्हती.

टीशर्ट, बिब (छातीवर लावायचा नंबर) वगैरे किट आदल्या दिवशीच आणून ठेवा, सकाळी त्या रांगेत पोरं कंटाळतात. टेम्पी बीच पार्कच्या आसपास अशा दिवशी रस्ते बंद असतात म्हणून आम्ही गाडी आत नेलीच नाही, प्राइस-101 फ्रीवेच्या स्टेशनला पार्क-अँड-राइडमध्ये, म्हणजे गाडी ठेवून पुढे ट्रेनने जायच्या पार्किंगमध्ये लावली आणि लाइट रेलने मिल अव्हेन्यूला उतरलो, तिथून पार्क चालत अगदी जवळ आहे. येताना सीटवर टाकायला जुना टॉवेल हवाच, कारण रंगलेल्या कपड्यांनी तसंच बसणं बरोबर नाही, आपल्यामागून कुणीतरी तिथे बसणार असतं. वाळवंट म्हणून थंडी नसेल असं समजू नका, हिवाळ्यात सकाळी चांगलंच गार असतं आणि आपली वेव्ह, म्हणजे एकत्र सोडतात ती तुकडी, सुटेपर्यंत उभं राहावं लागतं. टीशर्टच्या आत पांढरा फुल बाह्यांचा बनियन घाला, गारठा लागत नाही आणि हातही झाकलेले राहतात.

आता रंगाबद्दल जरा नीट सांगते, कारण लहान मुलं असतील तर महत्त्वाचं हेच आहे. पावडर मुख्यतः कॉर्नस्टार्चची असते, म्हणजे आपल्याकडे सूपमध्ये घालायला कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तेच, त्यात खाण्याचा रंग. अंगाला त्रास होत नाही पण नाकातोंडात आणि डोळ्यात गेली की होतो. व्हॉलंटियर मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर रंग उडवतात आणि तिथेच नेमकं चार वर्षांच्या पोराचं तोंड येतं! म्हणून धाकट्याला पोहायचा गॉगल आणि नाकातोंडावर ओढणी बांधली होती, आणि प्रत्येक झोनच्या आधी नवरा त्याला उचलून घ्यायचा. कमी रंग हवा असेल तर रस्त्याच्या मधोमध चाला, भरपूर हवा असेल तर कडेने. लेक अर्थातच कडेने. पुष्कळ मुलं झोनमध्ये जमिनीवर लोळतात, ते मात्र मी करू देत नाही, खाली धूळ सगळ्यात दाट असते आणि मागून लोक येत असतात. स्ट्रोलर असेल तर वरून पातळ पांढरी चादर टाका. दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, इनहेलर खिशात ठेवा आणि सरळ झोनच्या बाहेरून जा, बाजूने वाट असते, व्हॉलंटियरला विचारलं की दाखवतात. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, रंग उडत असताना जवळपास सिगारेट, लायटर, फटाका काहीही नको. 2015 च्या जूनमध्ये तैवानमध्ये एका वॉटर पार्कमधल्या रंगांच्या पार्टीत हवेतल्या अशाच पावडरीने पेट घेतला, 15 जण गेले आणि शेकडो भाजले. बारीक पीठ हवेत पसरलं की ते ठिणगीनेही पेटू शकतं. मोकळ्या रस्त्यावर धोका खूप कमी, पण शेवटच्या मैदानात गर्दी असते, पुड्या एकदम फुटतात, तिथे कुणी सिगारेट पेटवताना दिसला तर बोला, गप्प बसू नका.

आईंना पूर्ण फेरी मारायला दीड तास लागला. मधे पाण्याच्या टेबलापाशी बसल्या, तळं बघितलं, सॉल्ट नदीच्या कोरड्या पात्रात बांध घालून हे पाणी 1999 मध्ये भरलंय हे त्यांना फार आवडलं, कृष्णाकाठच्या माणसाला नदीचं काहीही सांगा, ऐकतातच. पिवळ्या झोनमध्ये मात्र त्यांनी आपणहून हात पसरले आणि व्हॉलंटियर पोरीने ओंजळभर रंग हलकेच त्यांच्या खांद्यावर टाकला. आई इतक्या मोकळेपणी हसताना मी इथे आल्यापासून पाहिल्या नव्हत्या. त्या एकट्या दिवसभर घरात असतात, आपण कामावर, पोरं शाळेत, त्यामुळे ज्यांचे आईवडील इथे येऊन राहिलेत त्यांना तर मी आग्रहच करेन की न्या त्यांना.

निघायच्या आधी केसांना खोबरेल आणि हातापायांना, कानांमागे थोडं लावा, रंग पटकन सुटतो. घरी येईपर्यंत पाणी मात्र लावू नका, ओलं झालं की खळ होऊन चिकटतं. आधी कोरडं झटका, काही ठिकाणी फिनिशजवळ पानं उडवायच्या ब्लोअरने रंग उडवून देतात, तिथे डोळे मिटून उभे राहा. फोन झिपच्या पिशवीत. पाण्याच्या बाटलीला झाकण हवं. बूट जुने. कपडे वेगळे, गार पाण्यात धुवा. टीशर्टवर रंग ठेवायचा असेल तर व्हिनेगर शिंपडून इस्त्री करतात, आम्ही केलं, फिका राहिला पण राहिला.

घरी आल्यावर नाक शिंकरलं की रंग दिसतो, घाबरू नका, जातो तो. खोकला थांबत नसेल किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा.