बार्शी लाईट अपडेट: टिकटिक सापडली!

झालं एकदाचं! घरी जुन्या बार्शी लाईट या नॅरोगेज रेल्वेचं १:८७ मापाचं मॉडेल करतोय, त्यात काल रात्री साडेबाराला सहाच्या सहा वाघिणी (मालडबे) वळण घेऊन कुर्डुवाडीत आल्या, एकही घसरली नाही. घरचे झोपलेले म्हणून ओरडता आलं नाही इतकंच.

मागे रडलो होतो ना, तिसरी वाघीण एकाच जागी रूळ सोडते म्हणून. तुम्ही सांगितलंत तसं वजन वाढवलं, मग एक बोगी घट्ट आणि दुसरी सैल करून पाहिली (बोगी म्हणजे खालचा चारचाकी सांगाडा हो, लोकलवाली नाही), फरक शून्य. काल पंखा बंद होता म्हणून ऐकू आलं, टिक टिक टिक. वाघिणीचा दोषच नव्हता! रुळाच्या आतल्या बाजूला माझ्याच सोल्डरचे थेंब राहिलेले, त्यावर फ्लँज (चाकाची आतली कड) आपटत होती. माझा रूळ कोड ४०, म्हणजे उंची जेमतेम १ मिमी, आणि माझी एन गेजची (९ मिमी रुळाची) चाकं जुनी, खोल फ्लँजची. तिसरी वाघीण घसरायची तिथं तर ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा!

कोड ५५ (जास्त उंच रूळ) टाक म्हणणारे आता हसतील. पण बार्शीचा मूळ रूळ वजनाला दर यार्डी ३० पौंड, ही लाईन उभारणाऱ्या इंजिनिअर कॅलथ्रॉपने इंजिन असो की वाघीण, एका आसावर ५ टनांच्या वर भार ठेवलाच नाही म्हणून एवढ्याशा रुळावर भरल्या मालगाड्या धावल्या, मग तिथं जाड रूळ घालून उरलं काय? सुईकानस घेऊन दोन तास घासत बसलो.

लो-प्रोफाईल (उथळ फ्लँजची) चाकं एका ऑनलाईनवाल्याकडून मागवलेली, आली ती ९ ऐवजी १६.५ मिमी रुळाची. परत पाठवायचा खर्च माझाच. त्यापेक्षा मुंबईचा लॅमिंग्टन रोड बरा, स्लीपरसाठी कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला बोर्ड) तिथूनच आणला, हातात घेऊन बघता तरी येतो.

आता बार्शी गावचं स्टेशन करणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी कुर्डुवाडीचा माल बदलायचा फलाट करावा. १८९७ ला लाईन सुरू झाली तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचं नाव बार्शी रोड, एका बाजूला आपली ७६२ मिमी नॅरोगेजची वाघीण, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेज, मधे गाठी वाहणारे हमाल. ब्रॉडगेजला तयार एचओ ट्रॅक (१:८७ मापाचा, १६.५ मिमीचा) चालणार नाही, १:८७ ला १९.३ मिमी लागतं. पण तिथली वाघीण उभीच राहणार, त्यामुळे हातभर रूळ ठोकला की काम झालं.

कापसाच्या गाठी स्पंजच्या केल्या तर उशा वाटल्या. खडूच्या तुकड्यावर टी-बॅगचा कागद गुंडाळला, बारदान हुबेहूब! दोन झाल्यात, चाळीस करायच्यात.