ऑर्डर १६ ची प्रगती: सेमीडायहेड्रल ग्रुपची मॉड २ कोहोमोलॉजी रिंग

ऑर्डर १६ च्या (१६ घटकांच्या) १४ ग्रुपांची मॉड २ कोहोमोलॉजी रिंग (ग्रुपची माहिती डिग्रीवार साठवणारी, ० आणि १ या गुणकांची बीजगणितीय रचना) काढायची आहे. त्यांपैकी सात कुन्नेथ सूत्रानेच (गुणाकार-ग्रुपची रिंग घटक ग्रुपांच्या रिंगांवरून देणारं सूत्र) सुटतात: पाच आबेलियन, शिवाय डी८ (डायहेड्रल) आणि क्यू८ (क्वाटर्नियन) या ऑर्डर ८ च्या ग्रुपांचे झेड२ (ऑर्डर २ चा ग्रुप) शी गुणाकार. उरलेल्या सातांत सेमीडायहेड्रलच (गॅप या संगणक-प्रणालीच्या यादीत १६, ८) खरा चिवट.

आधी मिनिमल रिझोल्यूशन (ग्रुपवरच्या फ्री मॉड्यूलांची सर्वांत लहान साखळी). शून्यापासून आठव्या डिग्रीपर्यंत रँक: १, २, २, २, ३, ४, ४, ४, ५. पी-ग्रुप (ऑर्डर एका मूळ संख्येचा घात, इथे २⁴) असल्याने हीच कोहोमोलॉजीची डायमेन्शन्स, वेगळं काही काढावं लागत नाही.

जनरेटर (ज्यांच्यापासून रिंग तयार होते ते घटक) चार: क्ष आणि य (डिग्री १), उ (३), व (४). क्ष चा कर्नल (ग्रुपचा जो भाग क्ष शून्यावर नेतो) डी८, य चा क्यू८. रिलेशन्स (जनरेटरांमधली समीकरणं):

क्ष·य = ०, क्ष³ = ०, क्ष·उ = ०, उ² = य²·व

घोळ होतो तो शेवटच्या रिलेशनवर. पाचव्या डिग्रीला थांबलात तर पहिली तीन रिलेशन्स हाती असतात, सगळ्या रँक जुळतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. सहाव्या डिग्रीत मात्र य⁶, य³·उ, य²·व, क्ष²·व आणि उ² असे पाच मोनोमियल उरतात, रँक चारच. म्हणून उ ची चेन मॅप (रिझोल्यूशनवर उ दाखवणारी मॅप) किमान डिग्री ६ पर्यंत लिफ्ट करायलाच (पुढे वाढवायलाच) हवी. थांबायचं कुठे, याचं उत्तर गणितज्ञ पीटर सायमंड्सच्या २०१० च्या निकालात आहे: न डायमेन्शनचं (न किमान २) फेथफुल कॉम्प्लेक्स रिप्रेझेंटेशन (ग्रुपचे घटक वेगवेगळे ठेवणारं न × न मॅट्रिक्सचं रूप) असेल, तर जनरेटर न² पर्यंत आणि रिलेशन्स २न² पर्यंत. इथे न = २, म्हणजे डिग्री ८ ला हिशेब पक्का.

उत्तर ताडून बघताना दचकू नका. उ च्या जागी उ + य³ निवडलं गेलं, तर उ² = य²·व + य⁶ असं दिसतं; व मध्ये य⁴ मिळवलं की पूर्ववत. य ऐवजी क्ष + य घेतलं, तर पहिलं रिलेशन क्ष² = क्ष·य होतं आणि शेवटच्यात य² च्या जागी क्ष² + य² येतं. रिंग तीच.

य ने गुणलं की क्ष मरतो, त्यामुळे डेप्थ १, क्रुल डायमेन्शन (रिंगच्या आकाराची दोन मापं) मात्र २: म्हणून रिंग कोहेन-मॅकॉले (जिथे ही दोन मापं सारखी असतात) नाही.

क्यू१६ (ऑर्डर १६ चा क्वाटर्नियन ग्रुप) ही झाला. रँक १, २, २, १ अशा चाराच्या आवर्तनात, अगदी क्यू८ सारख्या. पण रँकवर विसंबू नका: क्यू१६ मध्ये त्याच्या डिग्री १ च्या जनरेटरांसाठी क्ष·य = ०, क्यू८ मध्ये डिग्री १ च्या कुठल्याही दोन शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य होत नाही.