शिक्षण आणि परराष्ट्र धोरण: पीएचडी कोणत्या विभागातून करावी?

शिष्यवृत्त्या, पदव्यांची परस्पर मान्यता, परदेशी विद्यापीठांचे कॅम्पस या सगळ्यांत शिक्षण आणि परराष्ट्र धोरण एकमेकांत गुंतलेलं आहे. सातारा-सांगलीकडच्या मुलामुलींनी या विषयात जरूर यावं. पण प्राध्यापकाची जाहिरात निघते ती राज्यशास्त्राची नाहीतर शिक्षणशास्त्राची, दोन्हींच्या मधल्या विषयाची जागा क्वचितच. एमए एका विषयात, नेट (सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा) दुसऱ्यात आणि पीएचडी तिसऱ्याच विभागात झाली, की छाननीत विषय जुळतो का यावरच घोडं अडतं. म्हणून माझं स्पष्ट मत: एमए, नेट, पीएचडी तिन्ही राज्यशास्त्रात ठेवा आणि शिक्षण हा प्रबंधाचा विषय करा. बीएड कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएडचा रस्ता वेगळा.

नेटचे पेपर दोन, सलग ३ तास. पहिला ५० प्रश्न १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्न २०० गुणांचा. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. २०२४ पासून नेटवर पीएचडीला प्रवेश मिळतो. जेआरएफ, म्हणजे नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, नसेल तर ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. पण हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, आणि इथेच अनेकांचं वर्ष वाया जातं. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ इतकेच विद्यार्थी घेता येतात. निकालाची वाट बघू नका. शिवाजी विद्यापीठात, पुण्यात, दिल्लीच्या जेएनयूत कोणाकडे जागा रिकामी होणार आहे, ते आधीच विचारून ठेवा.

संशोधनाचा आराखडा बहुतेक वेळा फसतो तो विषय अवाढव्य घेतल्यामुळे. ‘भारताचं परराष्ट्र धोरण आणि उच्च शिक्षण’ यावर तीन वर्षांत काय लिहिणार? त्यापेक्षा आपल्याच गावात बघा. इथली मुलं वैद्यकीय शिक्षणाला युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तानला जातात. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे २२,५०० भारतीय परत आणले गेले, त्यांत विद्यार्थीच जास्त होते. तिकडची पदवी भारतात चालायची तर ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, हा नियम २०२१ चा, म्हणजे युद्धाआधीचा. मग अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचं काय, यावर भारत आणि युक्रेनमध्ये काय बोलणं झालं? हा खरा संशोधनाचा प्रश्न, आणि त्याचे साक्षीदार मिरज, विटा, कराडला भेटतात.

साधनंही हाताशी आहेत. संसदेतल्या तारांकित (तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांची उत्तरं आणि परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल घरबसल्या, फुकट वाचता येतात. प्रत्येक उत्तराचा प्रश्न क्रमांक आणि तारीख पहिल्या दिवसापासून वहीत टिपा, नंतर शोधताना फार वेळ जातो. मुलाखतीआधी मात्र लेखी संमती घ्या. शेत गहाण ठेवून मुलाला पाठवलेल्या आईवडिलांना नाव छापलं जाणार नाही याची खात्री हवी असते, आणि ती मिळाल्याशिवाय ते एजंटाला किती पैसे दिले हे सांगत नाहीत.