झिजायचं कोणी?

जुनी शिडाची होडी बाळगणारा माणूस लग्नाच्या रिसेप्शनमध्येही ओळखू येतो. कपडे झकास असतात, पण नखांखाली काहीतरी काळं असतं आणि ते कुठल्याही साबणाने जात नाही. त्याला होडीबद्दल विचारलंत तर तो सूर्यास्त, डॉल्फिन वगैरे काही सांगत नाही. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाबद्दल सांगतो, आणि समोरचा माणूस गुलाबजामाच्या निमित्ताने सटकेपर्यंत सांगत राहतो.

मी त्याच जमातीतला. आम्हा तिघांत मिळून एक 28 फुटी फायबरची होडी आहे, सत्तरच्या दशकातली. ऑक्टोबर ते मे ती अपोलो बंदरासमोर उभी असते. पावसाळा तोंडावर आला की उधाणाची भरती साधून तिला पलीकडे, रायगडच्या बाजूच्या एका खाडीत वर ओढायचं. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, कोळी आपापल्या होड्या शाकारतात, आणि त्या रांगेच्या टोकाला आमचीही ताडपत्री पांघरून उभी राहते. नारळी पौर्णिमेला बाकीच्या सगळ्या पाण्यात जातात. आमची जात नाही. तिचं काहीतरी उघडलेलं असतं.

फायबरच्या होड्या कारखान्यांत सर्रास बनू लागल्या त्या 1950-60 च्या सुमारास. माल नवा होता, कारागिरांचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून बऱ्याच कारखान्यांनी बॉडी भरपूर जाड करून ठेवली. परिणाम असा की त्या काळच्या पुष्कळ होड्या अजून तरंगतायत. बॉडी काही केल्या मरत नाही, आणि तिच्यावरचं एकूण एक सामान एकापाठोपाठ एक मरत राहतं. देखभाल म्हणजे काहीच झिजू न देणं, अशी किनाऱ्यावरच्या लोकांची समजूत असते. खाऱ्या पाण्यात काहीतरी झिजणारच. कोणी आधी झिजायचं, एवढंच ठरवता येतं, आणि मला विचाराल तर होडीवरची निम्मी अक्कल एवढ्या एका गोष्टीतच आहे.

जस्ताचंच घ्या. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की बॅटरी तयार होते. शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून आपण हे पाहिलेलं असतं. इथे लिंबाच्या जागी अख्खं मुंबई बंदर. पाण्याखाली होडीला ढकलणारा पंखा ब्राँझचा, त्याला फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट स्टेनलेसचा, आणि बॅटरी म्हटली की कोणालातरी विरघळावं लागतं. म्हणून शाफ्टवर जस्ताचा एक गोळा आवळून बसवतात. जस्त सगळ्यांत आधी हार मानतं, आणि ते जाईपर्यंत बाकीचे शाबूत राहतात. पंख्याला ब्राँझ म्हणायचं, पण त्या मिश्रधातूत पुष्कळदा बरंच जस्त असतं. बाहेरचा गोळा संपला की पाणी या आतल्या जस्ताकडे वळतं आणि मागे उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. असा पंखा दिसायला धडधाकट असतो. लाकडी मूठ आपटून बघायची: चांगला पंखा खणखणतो, गेलेला नुसता थप्प वाजतो.

होडी वर आली की चिखल धुवायच्या आधी मी शाफ्टखाली वाकून तो गोळा बघतो. निम्मा खाल्लेला असला की जीव भांड्यात पडतो. पूर्ण संपला असेल तर आपण उशीर केला. आणि नव्यासारखा गुळगुळीत असेल तर सगळ्यांत वाईट, कारण त्याचा शाफ्टला नीट संपर्कच आलेला नाही आणि वर्षभर दुसरंच काहीतरी खाल्लं गेलंय. शेजारच्या ट्रॉलरच्या नाखवांकडे सुकाणूवर अशा जस्ताच्या वड्यांची रांगच असते. खड्डे पडलेली वडी अंगठ्याने चाचपत ते म्हणतात, “खाऊं दे. त्याचा कामच हाय तो.”

एका वर्षी यार्डातल्या रंगाऱ्याने तळाला रंग देताना उरलेल्या रंगाचे दोन हात त्या गोळ्यावरही मारले. रंगाखाली जस्ताला झिजताच येत नाही. पण काम इतकं सुबक होतं की ओरडायला जीभ रेटेना. मी तारेच्या ब्रशने तो रंग खरवडत होतो आणि तो शेजारी उभा राहून असा बघत होता की जणू मीच त्याच्या भिंतीवर पान थुंकलोय.

त्या रंगात तांबं असतं, आणि तांबं विरुद्ध जस्त हा तंटा जुनाच आहे. लाकडी जहाजांच्या तळाला ब्रिटिश नौदल तांब्याचे पत्रे ठोकायचं. समुद्रात ते पत्रे भराभर विरघळायचे आणि खर्च अवाच्या सवा व्हायचा. तेव्हा काम आलं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींकडे. 1824 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले की तांब्याला काही होत नाही. जहाजांवर तुकडे बसले, तांबं खरोखरच वाचलं, आणि पंचाईत झाली. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तळाला काही चिकटत नव्हतं. ते विष झिरपायचं थांबल्यावर बार्नकल, म्हणजे तळाला चिकटून बसणारे कवचाचे जीव, आणि शेवाळ यांनी जहाजांखाली वसाहत केली. जहाजं जड झाली, मंदावली, आणि 1825 मध्ये नौदलाने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरचे ते तुकडे काढून टाकायला लावले. वसाहती करणाऱ्यांवरच वसाहत व्हावी याची मला थोडी मजा वाटते हे कबूल. पण डेव्हींची रसायनविद्या चोख होती. ज्याने झिजायला हवं होतं त्यालाच त्यांनी वाचवलं. आमच्या तळाचा रंग दरवर्षी पातळ होतो, दरवर्षी लावावा लागतो, आणि त्या पैशांवरून आमच्यातला एक भागीदार दरवर्षी सुस्कारा सोडतो. त्याला मी दरवर्षी डेव्हींची गोष्ट सांगतो. आता तो पहिल्या वाक्यालाच उठून जातो.

शाफ्ट बॉडीतून बाहेर पडतो तिथे ग्लँड असतं. फिरणारा दांडा आणि स्थिर नळी यांच्यामधल्या फटीत ग्रीसमध्ये भिजवलेल्या दोरीचे वेढे ठासायचे आणि वरून नट आवळायचा. पाहुणे कधी फळी उचलून खाली डोकावले की किंचाळतात, “अहो, पाणी गळतंय!” गळायलाच हवं. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला एक-दोन थेंब पडले पाहिजेत, त्याच पाण्याने दोरी थंड राहते. थेंब अजिबात पडू नये म्हणून नट करकचून आवळला की दोरी तापते, जळते, आणि शाफ्टवर चर पडतो. दोरी पाव किलोसुद्धा नसते. शाफ्टचं बिल वाचायला बसावं लागतं.

इंजिनाचा पाण्याचा पंप, ज्याबद्दल मी लग्नात बोलतो, त्याच्या पोटात एक रबरी फूल असतं. त्याला इम्पेलर म्हणतात, आमच्याकडच्याला सहा पाकळ्या आहेत. ते फिरून समुद्राचं पाणी आत ओढतं आणि त्या पाण्याने इंजिन थंड राहतं. मुंबई बंदरात पाण्याबरोबर इतरही पुष्कळ काही आत यायला टपलेलं असतं. एलिफंटाच्या वाटेवर दुधाची पिशवी नळीच्या तोंडाला चिकटली की पंप कोरडा फिरतो आणि रबर बघता बघता जळतं. धुराड्यातून पाण्याची पिचकारी यायची थांबते, आवाज घोगरा होतो, आणि गप्पा मारणारे सगळे एकदम गप्प होतात.

नवं फूल बसवणं हे पाच मिनिटांचं काम. खरी कसरत पुढे असते. जुन्याच्या दोन पाकळ्या जागेवर नसतात, आणि त्या कुठेतरी पुढे वाहून गेलेल्या असतात. त्या सापडल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, नाहीतर त्याच पुढे जाऊन वाट अडवतात. एक नळीच्या पहिल्या कोपऱ्यातच मिळाली. दुसरी हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता पाण्याला देणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी आडवी होऊन बसली होती. दिसत होती, पण चिमटा पोचत नव्हता, स्क्रू-ड्रायव्हर लावला की आणखी आत सरकायची. शेवटी भागीदाराच्या बायकोने पिशवीतून क्रोशाची सुई काढली, आकडा पाकळीच्या मागे अलगद नेला आणि ओढली. पाकळी बाहेर आली. सुई परत गेली नाही, ती आता पान्यांच्या डब्यात बारा आणि तेरा नंबरच्या मधे असते.

ही फुलं आम्हाला इंग्लंडहून येणारा भाचा आणून देतो. लोक चॉकलेटं मागवतात. विमानतळावर कस्टमवाल्याने एक हातात घेऊन विचारलं, हे काय? भाचा म्हणाला, मामाला माहीत. ओ-रिंग, ऑइल सील, पट्टे, क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. जुना नमुना कागदात गुंडाळून न्यायचा, दुकानदार तो नुसत्या डोळ्यांनी मापतो. दारूखान्यात जायला मला आवडतं, पण तिथे मोडीत निघालेल्या मोठ्या जहाजांचा माल. तिथला सगळ्यांत छोटा व्हॉल्व्ह आमच्या बेसिनपेक्षा मोठा असतो.

शिडांचं त्या मानाने सोपं. उन्हात शिवण आधी जाते, कापड मागाहून. म्हणून पांढऱ्या शिडाला मुद्दाम गडद दोऱ्याची शिवण घालून घ्यावी, उसवली की लांबून दिसते.

विंचचं काम मात्र मी कोणाला देत नाही. विंच म्हणजे शिडाचा दोर गुंडाळून ओढायचा उभा ढोल. एका बाजूला फिरतो, उलट फिरत नाही, आणि फिरताना कट् कट् वाजतो. ती करामत आतल्या कुत्र्यांची, म्हणजे खाचेत अडकून ढोल उलटा फिरू न देणाऱ्या खटक्यांची. सायकलच्या फ्रीव्हीलमधले कुत्रे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बोटाच्या पेराएवढे हे पितळी कुत्रे, आणि प्रत्येकामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. ढोल वर उचलला की स्प्रिंग टुणकन उडते, आणि होडीच्या कडेच्या इतक्या जवळ ती एकाच दिशेला उडते. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला विंचच्या मापाचं भोक पाडून ते वरून बसवायचं, आणि खोक्यातच सगळं उघडायचं. आमचं खोकं केसर आंब्याचं आहे. विंचला अजून वास येतो.

आत काळं, चिकट, वाळूमिश्रित ग्रीस असतं. ते डिझेलमध्ये धुवायचं, दातांच्या जुन्या ब्रशने प्रत्येक खाच साफ करायची. मग गिअरला ग्रीस, तेही हात राखून, आणि कुत्र्यांना फक्त पातळ तेल. आवडीने कुत्र्यांनाही ग्रीस थापणारे लोक आहेत. थंड पहाटे ते ग्रीस घट्ट होतं, कुत्रे खाचेत चिकटून बसतात, आणि भरल्या शिडाचा ताण असताना ढोल उलटा सुटतो. हँडलवर कोणाचा हात असेल तर मनगटाची काही खैर नाही. चांगला जमलेला विंच हाताने भिरकावला की कट् कट् कट् कट् असा सारख्या अंतराने वाजतो. मी तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा फिरवतो.

मला धास्ती वाटते ती डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांची, कारण त्या झिजताना दाखवत नाहीत. स्टेनलेस चकाकतं ते हवेच्या जिवावर. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर एक अतिपातळ थर धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. तारा जिला बांधतात त्या, डेकमधून आरपार जाणाऱ्या पट्टीच्या भोवती सीलंटखाली ओल कोंडली की तिथे हवा मिळत नाही, आणि वर आरशासारखी पट्टी आत पोखरत जाते. तारांचंही तेच, तोंडाशी टोपीत दाबलेल्या भागात. एका तारेत 19 धागे पिळलेले असतात. कापसाचा बोळा घेऊन तार वरपासून खालपर्यंत पुसायची, जिथे तंतू अडकेल तिथे एक धागा तुटलाय. नाखवांचा धाकटा मुलगा आमच्यात सगळ्यांत हलका, म्हणून झुल्यात बसवून त्यालाच वर चढवतो. खालून तीन पोक्त माणसं माना मागे टाकून “सावकाश रे बाळा” म्हणत राहतात. तो वरून फोनवर कोणाशीतरी बोलत असतो.

अशा जुन्या घाटाच्या होड्यांची एक शर्यतच आहे, गोल्डन ग्लोब. 32 ते 36 फुटी, 1988 पूर्वीच्या आराखड्याची होडी, जीपीएस नाही, मदत नाही, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. 2018 च्या शर्यतीत हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पाठीच्या कण्याला जबर दुखापत झालेले आपले अभिलाष टॉमी 2022 मध्ये पुन्हा निघाले आणि 29 एप्रिल 2023 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुसरे आले. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या त्यांच्या सुकाणू-यंत्राचं पातं गेलं, तेव्हा त्यांनी टॉयलेटच्या दारातून नवं कापून काढलं. धाडस वगैरे ठीकच. मला हेवा वाटतो तो या निवडीचा. भर समुद्रात एकट्या माणसाला कुठली वस्तू सगळ्यांत कमी लागते, याचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही.

आमच्या होडीत मात्र त्या दाराची फार गरज आहे. दारामागच्या हातपंपाचा रबरी व्हॉल्व्ह कडक झालाय आणि नळीत क्षारांचा थर बसून तिचं भोक पेन्सिलीएवढं उरलंय. दर मे महिन्यात मांडव्याला चहावर आमची बैठक भरते. तारा यंदा बदलायच्या, ठराव पास. इंजिनाच्या खालचे रबरी माउंट पुढच्या वर्षी, पास. रंग, सुस्कारा, पास. टॉयलेटचा विषय वहीत सगळ्यांत शेवटी लिहिलेला असतो, आणि तो निघायच्या बेताला दोघांना एकदम गेटवेची शेवटची लाँच आठवते.