रामटेक, पायी

आषाढाच्या पहिल्या दिवशी गडावर असायचं म्हणून आदल्या पहाटेच नागपूर सोडलं. पन्नासेक किलोमीटर. कामठी अंधारातच मागे पडली, कन्हानच्या पुलावर ज्ञानोबा-तुकारामाचा गजर झाला आणि पुढे ट्रकच ट्रक.

दुपारी सर येऊन गेली, लगेच ऊन. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते. त्यात डांबराची कड बाहेर उतरती, म्हणून भार सारखा एकाच पायावर. डावी टाच गेली. टपरीवरच्या मावशी बघताक्षणी म्हणाल्या, "सोलू नोको रे बापू, पानीच काढ फक्त." सुई ज्योतीवर लाल केली, निवू दिली. फोडाच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं पाडली, स्वच्छ फडक्यानं दाबून पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवली. हळद लावलेला धागा ओवायची आपली जुनी रीत, तीही त्यांनी करू दिली नाही. धाग्यावाटे घाण आत जाते. वर सुती पट्टी आणि नवऱ्याचा कोरडा मोजा. चहाचे पैसे घेतले, मोज्याचे नाही.

तेवढ्यात सोबत्यांचं सुरू: कालिदास इथे होता तरी का? 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवरून ढगाला निरोप देतो, तो जुना टीकाकार मल्लिनाथ चित्रकूट सांगतो, कुणी सरगुजाचं रामगढ. सुई टोचून घेताना हे ऐकायचं म्हणजे शिक्षाच. इतिहासकार वा. वि. मिराशींनी रामटेक धरलं, ते मला पटतं, आणि ढगापेक्षा पायांमुळे पटतं. 'मेघदूता'त डोंगराच्या उतारावर रघुपतीची पावलं आहेत. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट दिलाय तोही 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्', म्हणजे त्याच पायांपासून. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. 'सेतुबंध' हे काव्य त्याच्या नावावर, तेही महाराष्ट्री प्राकृतात. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, रामटेकच्या अगदी शेजारी. कालिदासावर भांडा हवं तर. पण आपल्या भाषेच्या आजीत लिहिणारा राजा याच मातीतला, त्याच्यासाठी कुणी दोन पावलं चालत नाही.

मनसरला मुक्काम. डास.

सकाळी अंबाळा तलावावर पाय धुतले नाहीत, पट्टी भिजली असती. गडावर दर्शन. कालिदास स्मारकापाशी ढगाचा पत्ता नाही, नुसतं पांढरं ऊन. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात, म्हणून नाडी घोट्याशी आवळून बांधत होतो. खालून कुणीतरी "सियावर रामचंद्र की" म्हटलं, आमचं "जय" होईतो सर आली.