एकाच झिजेची पासष्ट नाणी

अर्ध्या डॉलरचं नाणं असतं, हे अमेरिकेत जन्मलेल्या पोरांनाही सांगावं लागतं. आमची धाकटी उन्हाळाभर दुकानात कॅश काउंटरवर होती. तिच्या गल्ल्यात एकही आलं नाही. आलं असतं तरी ठेवायची पंचाईतच, बहुतेक गल्ल्यांत त्याला खणच नसतो. आणि मी मात्र सुट्टीच्या दिवशी न्यू जर्सीतल्या कुठल्याशा हॉलमध्ये भरलेल्या कॉइन शोला जाते आणि टेबलावर वाकून तीच नाणी उलटीपालटी करत बसते. नवऱ्याने याबद्दल विचारणं सोडून दिलंय.

मी जमवते ती 1916 ते 1947 या काळातली. संग्राहक त्यांना नुसतं ‘वॉकर’ म्हणतात, पूर्ण नाव वॉकिंग लिबर्टी हाफ डॉलर. 90 टक्के चांदी, 10 टक्के तांबं, वजन 12.5 ग्रॅम. तळहातावर ठेवलं की नाणं ठेवलंय हे कळतं. आत्ताच्या क्वार्टरचं, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याचं, तसं होत नाही, तो खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं.

चित्र अॅडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराचं. लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, उगवत्या सूर्याच्या दिशेने चालली आहे, अंगाभोवती अमेरिकेचा झेंडा, डाव्या हातात लॉरेल आणि ओकच्या फांद्या, उजवा हात पुढे पसरलेला. मागच्या बाजूला कड्यावर उभा गरुड, आणि खडकाच्या फटीतून उगवलेलं पाइनचं रोपटं. ते रोपटं मला गरुडापेक्षा आवडतं. त्याच साली वाइनमनचीच डाइमही, म्हणजे दहा सेंटचं नाणं, आली, पण इतकं बारीक काम डाइमच्या इवल्याशा जागेत डोळ्यांना झेपत नाही. 1986 पासून निघणाऱ्या सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्यावर हीच लिबर्टी घेतली आहे. ती नाणी सुंदर असतात, पण टाकसाळीतून निघून थेट डबीत जातात. मला त्यांचं काही वाटत नाही.

कारण मला वापरलेलं नाणं हवं असतं. 1938 साली अमेरिकेत पहिल्यांदा देशभरासाठी किमान वेतन ठरलं ते तासाला 25 सेंट. म्हणजे हे एक नाणं म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाचं दोन तासांचं काम. असं नाणं लोक सांभाळून वापरत असणार, तरी ते झिजलंय, म्हणजे किती हातांतून गेलं असेल! प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद, वर ग्रेडचा, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा, आकडा छापलेलं चकचकीत वॉकर मी बघते, वा म्हणते आणि परत ठेवते. त्यातला आकडा एकाने वाढला की किंमत कुठल्या कुठे जाते. ती हौस वेगळ्या माणसांची.

पूर्ण संच पासष्ट नाण्यांचा, 1917 मधले मिंटमार्कचे (टाकसाळीच्या अक्षराचे) दोन्ही प्रकार धरून. मी तो सगळा एकाच झिजेत जमवतेय. म्हणजे काय, ते दाखवायला लिबर्टीचा पोशाख बघावा लागतो. झग्याला वरून खाली रेषा आहेत. त्यातल्या डाव्या बाजूच्या निम्म्याच स्पष्ट उरल्या असतील तर ग्रेड ‘व्हेरी गुड’, म्हणजे नाव मोठं आणि प्रत्यक्षात बरंच घासलेलं. सगळ्या रेषा दिसतात पण मधूनमधून पुसट झाल्यात, पायातल्या सँडलचं काम नीट दिसतं, तर ‘फाइन’. पायावरच्या रेषासुद्धा ठसठशीत असतील तर ‘व्हेरी फाइन’. मी ‘फाइन’वर थांबले. त्यात चेहरा हरवलेला नसतो आणि खिसाही वाचतो.

अल्बममधलं एक पान तरी असं एकसारखं भरलं की मग कळतं मी काय म्हणते ते. सगळ्या नाण्यांचा रंग तोच, मऊ राखाडी. एखादंच चकचकीत मध्ये आलं तर ते पंगतीत जरीचं सोवळं नेसून बसल्यासारखं दिसतं, मग बाकीची उगाच मळकी वाटायला लागतात.

हे सोपं नाही, आणि अवघड वाटतं तिथे अवघड नाही. 1916-17 ची परवडणारी नाणी बहुतेक वेळा पार गुळगुळीत झालेली. उलट 1940 च्या दशकातली कोट्यवधींनी पाडलेली आणि झिजायला वेळ कमी मिळालेली. त्यामुळे जुन्यांत कमी झिजलेलं शोधायचं आणि नव्यांत जास्त झिजलेलं. ‘फाइन’ 1946 कोणी विक्रेता वेगळं काढून ठेवतच नाही, ते जंक सिल्व्हरच्या डब्यात पडलेलं असतं, चांदीच्या भावात. मी डबा उपसत असले की टेबलामागचे आजोबा म्हणतात, ‘‘यापेक्षा चांगलं आहे माझ्याकडे.’’ मी म्हणते, ‘‘यापेक्षा वाईट आहे का?’’ आता ते मला बघून स्वतःच डबा पुढे सरकवतात.

यात एक मेख आहे. लिबर्टीचं डोकं आणि फांद्या धरलेला डावा हात कित्येकदा मुळातच नीट उठलेला नसतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांत तर फारच. कोरं नाणंही तिथे सपाट दिसतं. म्हणून झीज बघायची तर हात न बघता रेषा बघायच्या, छाती बघायची, पसरलेला उजवा हात बघायचा. हे एकदा डोळ्यात बसलं की भिंग खिशातच राहतं.

अल्बमच्या खाचांवर साल आणि टाकसाळ छापलेली असते. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच अक्षर नाही म्हणजे फिलाडेल्फिया. 1916 मध्ये हे अक्षर पुढच्या बाजूला, ‘इन गॉड वी ट्रस्ट’च्या खाली होतं. 1917 मध्येच ते मागे, डावीकडे खाली कडेजवळ गेलं. म्हणून त्या वर्षाची डी दोन आणि एस दोन.

आणि मग सालं गायब होतात. 1922 ला एकही नाही. 1924 ते 26 नाही. 1930, 31, 32 नाही. त्या तीन वर्षांत लोकांच्या हातात पैसा नाही तर बँका नवी नाणी मागवतील कशाला? महामंदीवर मी जे काही वाचलंय त्यापेक्षा अल्बममध्ये 1929 च्या शेजारी थेट 1933 येतं ते जास्त अंगावर येतं. 1921 ची गोष्ट त्याहून मजेशीर. पहिल्या महायुद्धाच्या काळात पिटमन कायद्याखाली सरकारने चांदीचे डॉलर मोठ्या प्रमाणावर वितळवले होते, ते पुन्हा भरून काढायचे होते. त्या वर्षी टाकसाळी डॉलर पाडण्यात गुंतल्या, त्यात मंदी. हाफ पडले फिलाडेल्फियात 2,46,000, डेन्व्हरला 2,08,000, सॅन फ्रान्सिस्कोत 5,48,000. एरवीचे आकडे दशलक्षांत असतात.

ज्यांना एवढा पसारा नको त्यांनी 1941 ते 47 चा छोटा संच करावा, वीस नाण्यांचा. नाहीतर बेंजामिन फ्रँकलिनच्या चेहऱ्याचा हाफ आहेच, 1948 ते 63, पस्तीस नाणी, एकही अशी नाही की मिळतच नाही. मला स्वतःला तो चेहरा कंटाळवाणा वाटतो. मागे तडा गेलेली लिबर्टी बेल, आणि तिच्या शेजारी चिमणीएवढा गरुड, कारण कायद्याने गरुड हवाच होता. हा गरुड तेव्हाच्या फाइन आर्ट्स कमिशनलाही पसंत नव्हता, एवढं समाधान.

गल्ल्यातून हाफ गेला तो केनेडीमुळे, असं मी म्हणते तेव्हा लोक दचकतात. नोव्हेंबर 1963 मध्ये त्यांची हत्या झाली आणि मार्च 1964 मध्ये त्यांचा चेहरा असलेला हाफ आला. लोकांनी तो आठवण म्हणून घरात ठेवला, खर्च कोणी केलाच नाही. त्यात चांदी महाग होत चाललेली. 1965 पासून चांदी 40 टक्क्यांवर आली, 1971 पासून चलनातल्या नाण्यात काहीच नाही. तोवर लोकांना हाफशिवाय चालवायची सवय झाली होती. 1980 च्या सुमारास चांदीचा भाव आभाळाला भिडला तेव्हा जुनी नाणी पोत्यांनी वितळवली गेली. झिजलेली आधी, कारण त्यांना वेगळी किंमत नव्हती. म्हणजे मला हवी असलेलीच.

नवीन सुरुवात करणाऱ्याला एवढंच सांगते: नाणं पुसू नका. साबण नाही, टूथपेस्ट नाही, चिंच तर मुळीच नाही. आपल्या हाताला देवाची भांडी लखलखीत करायची सवय असते, ती इथे आवरावी लागते. घासलेलं नाणं ओळखू येतं, त्यावर एक मेलेली चमक असते आणि बारीक ओरखडे एकाच दिशेने जातात. विक्रेत्याच्या भाषेत ते ‘क्लीन्ड’, आणि भाव धाडकन खाली.

माझ्या संचात 1921 ची तिन्ही घरं अजून रिकामी आहेत. मागच्या शोमध्ये आजोबांनी डेन्व्हरचं दाखवलं. साल वाचता येत होतं, अक्षर वाचता येत होतं, झग्याच्या रेषा मात्र गुडघ्याखाली संपल्या होत्या. ‘‘घर तरी भरेल,’’ ते म्हणाले. मी नको म्हटलं. शेजारच्या नाण्यांसमोर ते म्हातारं दिसलं असतं, आणि त्या पैशात 1938 चं डेन्व्हर येतं. तेही फक्त 4,91,600 पाडलेलं, पण उशिराचं, त्यामुळे सगळ्या रेषा शाबूत असलेलं सापडतं. आधी ते घेणार. 21 साठी नवऱ्याशी बोलावं लागेल.