गिटार कोणाची?

आज भाचा क्लासवरून आला तो बोटं दाखवतच. तारांनी पार सोलवटलेली. पण स्वारी खूश. "मामा, ‘दम मारो दम’ची सुरुवात थोडी जमली!"

म्हटलं, मूळची कोणी वाजवलीय? गप्प. अरे, भूपिंदर सिंग. "ते ‘दिल ढूँढता है’ वाले?" तेच रे बाबा!

मूळचे अमृतसरचे. दिल्ली आकाशवाणीवर होते, संगीतकार मदनमोहननी मुंबईला आणलं आणि १९६४च्या ‘हकीकत’मध्ये थेट रफी, तलत, मन्ना डे यांच्यासोबत गायला उभं केलं. एवढा आवाज असूनही पुढे कितीतरी वर्षं पंचमच्या, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मनच्या, रेकॉर्डिंगला गिटार घेऊन बसले. ‘चुरा लिया’तली गिटारही त्यांचीच. स्वतः चाली बांधायला लागल्यावर गझलेत स्पॅनिश गिटार आणली. तबला-हार्मोनियमवाल्या गझलेत, म्हणजे बघा!

मग बाबांच्या रेकॉर्ड्सची कव्हरं उलटीसुलटी करून पाहिली. गायक आहेत, गीतकार आहेत, संगीतकार तर ठळक. गिटारवाला एकावरही नाही. (धुळीने शिंका मात्र भरपूर.)

भाच्याने वहीत पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय. ‘भू’ ऱ्हस्व काढलाय, असो.